नवीकोरी गाडी

आज सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर उभा होतो, तर माळाकडून भोंगा वाजला. "हॅलो, हॅलो, माइक चेक. एक, दोन, तीन." मग खरखर, मग कुणीतरी माइकवर फुंकर मारल्याचा आवाज, आणि पुन्हा शांत. वारं धरणाकडून होतं, म्हणून शब्द तुटत तुटत आले. तरी कळायचं ते कळलं. घाट नीट करायला घेतलाय. मधली कैक वर्षं शर्यती बंद होत्या, आता पुन्हा सुरू झाल्यात. चैत्रात भोंगा वाजणार आणि भोंगा वाजला की माझ्या हातातला चहा गार होणार, हेही पुन्हा सुरू झालंय.

बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं जत्रेच्या दिवसांत घाट म्हटलं की डोंगरातला वळणाचा रस्ता कुणाच्या मनात येत नाही. माळावरची चढाची मातीची पट्टी, दोन्ही अंगांनी माणसांनी गच्च भरलेली, तो घाट. तिच्यावरून बैलगाडा पळतो. गाड्यात माणूस नसतो. बैल, त्यांच्या पुढं घोडी, घोडीवर स्वार, आणि वर टोकाला घड्याळ. सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. शेजारच्याशी दोन शब्द बोलायला मान वळवली की बारी, म्हणजे एका गाड्याची पळ, गेली. म्हणून घाटात सगळ्यात मोठा माणूस माइकवाला. धुरळ्यातून जे धड दिसत नाही ते तो सांगतो. कुणाचा गाडा, कुठला बैल, किती सेकंद. त्यानं एखादं नाव घेतलं की ते चार गावांत पोचतं.

माझं नाव एकदा असं पोचलं होतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी बीएस्सी झालो. आमच्या वस्तीवर तोवर कुणी कॉलेजचा जिना चढलेला नव्हता. वडिलांना सही करता यायची, तीही नावातल्या एका काना-मात्रेची चूक दरवेळी तशीच ठेवून. निकाल जूनमध्ये लागला. येडगावच्या धरणाकाठी आमच्या शेजारच्या मळ्यात राहणाऱ्या गेनूनानांना मी पेढा द्यायला गेलो, तर ते म्हणाले, "आत्ता नको सांगू कुणाला. चैत्रात सांगू." आणि खरंच, माझा निकाल त्या माणसानं दहा महिने बियाण्यासारखा जपून ठेवला. चैत्रात भर घाटात, दोन बाऱ्यांच्या मधे, भोंग्यातून नानांचा आवाज आला, "मंडळी, बैल पळत्यात त्यांचं कौतुक आपण रोज करतो. आज आमच्या वस्तीवरचं एक माणूस पळालंय. आन् कुटं पळालंय? पार बीयस्सीपर्यंत!" सगळ्या माळानं टाळ्या वाजवल्या. माझे वडील बाभळीखाली उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग पुन्हा काढली. त्या दिवशी ती टोपी त्यांनी किती वेळा काढली-घातली, मोजायला हवं होतं.

तेव्हापासून नाना मला नावानं हाक मारीत नसत. "काय बीयस्सी?" "बीयस्सी, पंपाचा फ्यूज कसा काय उडाला, इज्ञानात बसतंय का?" मला ते आवडायचं. वर वर नको नको म्हणायचो, पण आवडायचं. मी गर्विष्ठ माणूस आहे हे मी इथंच सांगून टाकतो. शिकलेल्या पहिल्या माणसाला गर्व परवडत नाही असं म्हणतात, पण त्याच्याकडं दुसरं असतं तरी काय?

*

ती मोटारसायकल मुळात नानांनी विकत घेतलेली नव्हती. ती हरण्यानं जिंकली होती.

हरण्या म्हणजे पलीकडच्या गावच्या एका बागायतदाराचा बैल. तांबूस, अंगावर पांढुरके ठिपके. त्या साली एका मोठ्या घाटात हरण्याचा गाडा पहिला आला आणि बक्षीस म्हणून मोटारसायकल मिळाली. साधीसुधी नव्हे. लांब पल्ल्यावर जोरात पळवायला केलेली, पुढं वारा कापणारं अर्धं कवच, त्यात बसवलेला दिवा, फुगीर टाकी, हँडल जरा खाली झुकलेलं. दोन हजार सालानंतर असल्या गाड्या नव्यानंच दिसायला लागल्या होत्या. बागायतदाराकडं जीप होती. त्यानं स्टेजवरच चावी नानांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बैल माझा पळला, पण लोकांना दाखवला तुमी. ठेवा." नाना पुकारायचं थांबले. भोंगा अर्धा मिनिट नुसता गुं करत राहिला. घाटाच्या इतिहासात एवढा वेळ नाना गप्प बसलेले त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

नानांनी जुन्नरच्या पेठेतल्या पेंटरकडून टाकीवर पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं: हरण्या, घाटाचा राजा. मागच्या सीटवर माइकची पेटी बांधून ते जत्रा-जत्रा फिरले. घोडेगावच्या पलीकडं डोंगराकडची गावं, इकडं मीना-कुकडीच्या काठची गावं. नेहरू शर्ट, पांढरी टोपी, आणि खाली ती शहरी गाडी. लोक हसायचे आणि वाटही द्यायचे.

मग एका घाटात गाडा फिरला आणि सरळ स्टेजकडं आला. नानांचा खुबा मोडला. पुण्याला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि एक पाय जरासा आखूड झाला. वर्षभर ते कुठल्या घाटात गेले नाहीत.

त्यानंतरचा फाल्गुन लागता लागता त्यांनी मला बोलावलं. कांदा काढणीला आला होता. मळ्याच्या बांधावर पातीचे ढीग पडलेले, आणि त्या वासाबरोबर धरणाच्या आटत्या पाण्याचा, उघड्या पडलेल्या चिखलाचा वास. नाना बाजेवर बसले होते. गाडी पत्र्याखाली स्टँडवर उभी. कवचाला तडा, टाकीला पोचा, चाकांच्या तारांवर गंज.

"बीयस्सी, गाडी बघतोयस म्हनं?"

"बघतोय नाना."

"मग बघत काय बसलास? ही घे. मला आता ती स्टँडवर घ्यायला दोन माणसं बोलवावी लागत्यात. मोटरसायकल हाय का नवरी?"

सरूमावशी, नानांची बायको, आतून म्हणाली, "नवरीला तरी एकच करवली लागती!"

किमतीचं बोलणं मिनिटभरात झालं. मी सांगितलं, ते हो म्हणाले. मग नानांनी काठी जमिनीवर टेकवली.

"पर एक गोष्ट माझी. चैत्रात आपल्या घाटात मला ह्याच गाडीवर न्यायचं. तू पुढं, मी मागं. टेंपोत पोत्यासारखं टाकून नेलं, तर कमिटी म्हनंल म्हातारं संपलं. त्यांनी दुसऱ्या तालुक्यातला एक नवा गडी बघून ठेवलाय. गाणी लावतो, शायरी करतो. मला म्हनले, नाना, नवाच्या ठोक्याला आला तर माइक तुमचा, नाय तर त्याचा. येवढंच काम हाय तुझ्याकडं."

"नाना, हे काय सांगायला हवं का?"

हे माझं वाक्य. मी ते असंच बोललो होतो, छातीवर हात ठेवून.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गाडी स्टँडवर असतानाच मागं बसून दाखवलं. आधी डावा पाय फूटरेस्टवर, मग मागच्या कड्याला हात, मग अंग वर. "बघ. कडं आन् फूटरेस असली की जमतंय." मग म्हणाले, चल, एक बारी मार. त्यांच्या दारापासून बांधावरच्या आंब्यापर्यंत मी त्यांना घेऊन गेलो. एका सिलिंडरचं इंजिन कण्हत होतं, साखळी कडकडत होती, आणि माझ्या कानाशी नानांचा आवाज: "सुटला... सुटला... सुटला... आन् हा बीयस्सीचा गाडा आलाय आंब्यापाशी, येळ बावीस सेकंद! बावीस सेकंदात तर गाढव बी येतं मंडळी!" दोघंही इतकं हसलो की गाडी आडवी होता होता राहिली.

त्या गाडीवर ते माझ्या मागं बसले, ते एकदाच.

*

जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात मिलिंदचं गॅरेज होतं. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. तो आयटीआयला गेला, मी कॉलेजला. गाडी त्याच्याकडं सोडली आणि दर शनिवारी-रविवारी मी तिथं जाऊन बसायला लागलो. ते दिवस आठवले की अजून बोटांना रॉकेलचा वास येतो. मिलिंद एकेक भाग सोडवून ट्रेमध्ये ठेवायचा, मी ब्रशनं धुवायचो. कार्बोरेटरची भोकं तारेनं साफ करायची. पुढच्या शॉकअपमधून गळणारं काळं तेल डब्यात धरायचं. बोळाच्या तोंडाशी कैऱ्यांची हातगाडी, वर पत्र्यावर ऊन, आणि एसटी वळताना सगळ्या बोळाला बसणारा हादरा. मला वाटायचं, मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातानं, माझ्या हौसेसाठी करतोय. तोवर केलेलं सगळं, अभ्यास काय आणि नोकरी काय, घरासाठी होतं.

एअर फिल्टर काढला तेव्हा मिलिंदनं तो कागदावर झटकला. लाल माती पडली. आणि त्या मातीत पिवळी भुकटी. त्यानं बोटावर घेऊन वास घेतला.

"भंडारा हाय राव! ह्या गाडीच्या पोटात जत्रा बसलीय अख्खी."

मी हसलो. आणि कागद चुरगाळून टाकून दिला. नवा फिल्टर घातला.

इंजिन महिनाभरात सुरेख झालं. साखळी, क्लचप्लेट, बुश सगळं नवं. तिथंच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी तेव्हा घोडेगावला एका सरकारी कार्यालयात नुकताच कायम झालो होतो. रंग लावायच्या आधी, चाचणी म्हणून, एक दिवस गाडी ऑफिसला नेली. तिथं पुण्याहून जाऊन-येऊन करणारा एक सहकारी होता. इस्त्रीचा शर्ट, गॉगल. त्यानं टाकीवरचं वाचलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं.

"काय साहेब, बैलाची जाहिरात करता काय? आता हँडलला शिंगं बसवून घ्या. आणि हॉर्न कशाला, हंबरा!"

सगळे हसले. मीही हसलो. माझे कान मात्र तापले. त्या ऑफिसात मी बोलताना 'व्हतं' तोंडात येऊ नये म्हणून जपायचो. 'न्हाई'चं 'नाही' करायला मला दोन वर्षं लागली होती. आणि ही गाडी माझ्या आधी बोलत होती.

शनिवारी मिलिंदला म्हणालो, "टाकी घासून टाक. काळा रंग, बाकी काही नको. आणि मागचं सीट कापायचं. सिंगल सीट करू. टीव्हीत रेसच्या गाड्या दाखवतात तसं. कडं काढ, मागचे फूटरेस्ट काढ, वर निमुळतं झाकण."

मिलिंदनं पाना खाली ठेवला. "मग म्हातारं बसंल कुटं?"

त्याला नानांची अट ठाऊक होती. मीच सांगितली होती, माझ्या मोठेपणाची गोष्ट म्हणून.

"त्याचं बघू रे. जत्रेला अजून वेळ आहे."

"येळ हाय तर कापतोस कशाला? जत्रा होऊ दे, मग काप. मी काय दुकान घेऊन पळतोय का?"

त्याचं बरोबर होतं. इतकं सरळ होतं की मी चिडलो. "गाडी माझी आहे ना? तू मेकॅनिक आहेस, पंच नाहीस."

दोन दिवसांनी सीट कापून, झाकण बसवून गाडी तयार होती. टाकी आरशासारखी. आणि एका पोत्यात कडं, दोन्ही फूटरेस्ट, बोल्टांसकट. "हे पोतं घरी ने," मिलिंद म्हणाला. "माणसाला कधीतरी मागं कुणालातरी बसवावं लागतं." ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो साधेपणानं म्हणाला.

*

गुन्हा आपण एका क्षणात करतो असं वाटतं. माझा तसा नव्हता. माझा हप्त्याहप्त्यानं झाला. गाडी तयार झाल्यावर जत्रेला पंधरा दिवस होते. पंधराही दिवस मी नानांच्या मळ्यासमोरून जायचं टाळलं, कालव्याच्या वाटेनं लांबून गेलो. रोज वाटायचं, आज सांगू. मिलिंदला सांगून परत कडं बसवून घेऊ, तासाभराचं काम. आणि रोज ऑफिससमोर गाडी उभी केली की लोक वळून बघायचे, आणि मी म्हणायचो, उद्या.

त्या चैत्रात करंज फुलला होता. कालव्याच्या वाटेवर त्याच्या फुलांचा सडा पडायचा. काळ्या टाकीवर ती बारीक फुलं पडली की मी थांबून फुंकर मारून उडवायचो. अजूनही करंज फुलला की मी खाली बघून चालतो.

जत्रेच्या सकाळी आठला मी नानांकडं गेलो. वडिलांच्या सायकलवर.

नाना तयार होते. शर्टाला घडी मोडलेली नव्हती. खिशात ते सेकंदाचं घड्याळ, त्याची दोरी गळ्यात. आवाज मोकळा व्हावा म्हणून तोंडात ज्येष्ठमधाची काडी. दारात सरूमावशी उभी, हातात एक लहानशी चौकोनी उशी. जुन्या लुगड्याची, गोधडीसारखी टाके घालून शिवलेली, चारी टोकांना नाड्या.

"गाडीच्या मागल्या सीटच्या मापानं शिवलीय," ती म्हणाली. "तू न्यायच्या आधीच माप घेऊन ठेवलं व्हतं. खुब्याला हादरा नको म्हनून. कुटं हाय गाडी?"

मी त्या उशीकडं बघून बोललो. माणसाच्या तोंडाकडं बघणं जमलं नाही.

"नाना, क्लच गेला. मिलिंदला बोलावलंय, करतोय तो. तुम्ही व्हा पुढं कुणाच्या तरी गाडीनं. मी येतो मागनं."

"व्हईल का नीट?"

"होईल की."

"मग थांबतो मी. तुझ्या संगंच जाऊ."

"नाही नाना, तुम्ही व्हा पुढं..."

"आरं, क्लचला किती येळ लागतो? नऊला अजून तास हाय." ते बाजेवर बसले. ज्येष्ठमधाची काडी या गालातून त्या गालात गेली. "तू जा, बघ त्याच्याकडं. मी हाय इथंच."

मला अजून कळत नाही, मी तेव्हा काय करू शकलो नसतो? वस्तीवर चार मोटारसायकली होत्या. कुणाचीही मागून आणता आली असती. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, तुझी कुठंय? आणि त्या प्रश्नाला मी भीत होतो. एका माणसाचा माइक आणि माझी लाज, दोन्ही तराजूत घातली आणि लाज जड भरली. शिकलेला माणूस होतो मी. वजन-मापं शिकलेला.

घरी आलो. गोठ्यामागं गाडी उभी होती. अर्धा तास तिच्याकडं बघत बसलो. मग, हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो: मी तीच गाडी काढली आणि कालव्याच्या वाटेनं घाटात गेलो. जत्रेत ती दाखवल्याशिवाय मला राहवेना. मनाशी म्हटलं, नाना आले तरी थेट स्टेजवर जातील, मी पार खालच्या टोकाला उभा राहीन, हजारोंच्या गर्दीत कोण बघतंय.

नऊ वाजले. भोंग्यातून एक नवा, तरतरीत आवाज आला. शायरी, मग गाणं. पहिली बारी सुटली. धुरळा, शिट्ट्या, भंडारा उधळलेला. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "गेनू न्हाई का आज? ह्यो कोन किरकिऱ्या?" मी ऐकलं नाही असं केलं. भोवती पाच-सात जण गाडी बघत उभे होते. कुणी विचारलं, ताशी किती पळते? मी सांगितलं. सांगताना मला बरंही वाटत होतं. हेही लिहून ठेवतो.

साडेदहाच्या सुमाराला दुधाची पिकअप आली. रिकाम्या कॅनांच्या मधून दोघांनी हात धरून नानांना उतरवलं. शर्टाची घडी मोडली होती. बगलेत ती उशी. गाड्या सगळ्या खालच्याच टोकाला उभ्या राहतात हे मी विसरलो होतो. नाना काठी टेकीत थेट माझ्याच समोर आले.

थांबले. गाडीकडं बघितलं. मागं जिथं सीट असायला हवं तिथलं निमुळतं झाकण बघितलं. मग टाकीपाशी आले आणि जिथं हरण्याचं नाव होतं तिथून हात फिरवला. तळहात पुरा टेकवून, बैलाच्या वशिंडावरून फिरवतात तसा.

"रंग लई झ्याक बसलाय," ते म्हणाले. "क्लच झाला का नीट?"

"झाला."

"बरं झालं."

आणि चढ चढून गेले. तो चढ चढायला कुणाला एवढा वेळ लागलेला मला आठवत नाही. कुणीतरी नंतर सांगितलं, दहा वाजेपर्यंत ते बाजेवरून हलले नव्हते. बीयस्सी येतो म्हणालाय, एवढंच सांगत होते.

माइक गेला होता. कमिटीनं नारळ-टोपी दिली, खुर्ची दिली. नवा गडी मनानं वाईट नव्हता. त्यानं "जुन्या-जाणत्या माणसानं दोन शब्द बोलावेत" म्हणून माइक पुढं केला. नाना उभे राहिले. मला वाटलं, आता सांगणार. सांगायलाच हवं होतं. मी तर मान खाली घालून तयार झालो होतो.

"मंडळी," भोंग्यातून तो आवाज आला, वर्षभर न वापरलेला तरी तसाच. "आमच्या वस्तीवरचे बीयस्सी आज आपल्या घाटात आलेत. नवीकोरी गाडी घेऊन आलेत. खालच्या अंगाला काळी गाडी उभी हाय, बघून घ्या. त्यांचं जोरदार स्वागत करा."

टाळ्या वाजल्या. लोकांनी वळून बघितलं. माझं नाव दुसऱ्यांदा घाटात पुकारलं गेलं.

नवीकोरी. हरण्या नाही, बक्षीस नाही, स्वतःची गाडी नाही. त्यांनी त्या एका शब्दात ती गाडी मला पुरती देऊन टाकली. आणि माइक खाली ठेवला. पुढं कुठल्याच घाटात तो त्यांनी उचलला नाही.

*

दुसऱ्याच दिवशी पोतं घेऊन मी जुन्नरला गेलो. मिलिंदनं लगेच पाना घेतला. सीट पुन्हा लांब केलं, कडं लावलं, फूटरेस्ट लावले. तोच पेंटर शोधून टाकीवर तीच अक्षरं काढून घेतली. नानांच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. नाना बाहेर आले, बघितलं, हसले. "आत्ता नको. कंबर धरलीय." पुढच्या चैत्रात गेलो. "तू व्हय म्होरं. मी येतो मागनं." त्याच्या पुढच्या चैत्रातही तेच, तसंच हसून. टोमणा नव्हता त्यात, हे मला पक्कं माहीत आहे. टोमणा नानांना यायचा तो खणखणीत, दहा माणसांत. हे फक्त नाही म्हणणं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते कांद्याच्या भावाचं काढायचे.

मग शर्यतीच बंद झाल्या. माळावर गवत वाढलं. त्या बंदच्या वर्षांतच नाना गेले. दहाव्याला सरूमावशीनं ती उशी माझ्या हातात दिली. "तुज्या गाडीच्या मापाची हाय," म्हणाली, "दुसऱ्या कशाला बसत न्हाई."

वाईट वागून गेलेल्या माणसाचा राग करता येतो. नानांसारखी माणसं ती सोयही ठेवत नाहीत. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला त्यांनी भर घाटात सोललं असतं, अशी मी कधी कधी समजूत घालतो. पण मग वाटतं, मला का सोडलं? दहा महिने जपून ठेवलेला तो निकाल त्यांना खोटा पडू द्यायचा नसेल. वस्तीवरचं पहिलं शिकलेलं माणूस, ते तरी लोकांच्या नजरेत उभं राहू दे. म्हणजे तो त्यांचाच शब्द होता, आणि मला झाकून त्यांनी तो राखला. मी माझा राखला नाही.

गेल्या चैत्रात शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर मी पहिल्यांदा घाटात गेलो. नाना नसताना पहिल्यांदा. गाडी आता जुनी दिसते, पुन्हा एक पोचा आलाय, तो मी काढलेला नाही. मागच्या सीटवर उशी बांधली. खालच्या अंगाला, तिथंच, लावली. माइकवर कुणी नवाच होता, लांबच्या गावचा, मला न ओळखणारा. घाटात लोक चिठ्ठ्या पाठवतात आणि माइकवाला त्या वाचतो. मी एक कागद घेतला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं लिहायचं म्हटलं आणि जेमतेम दोन ओळी जमल्या: खालच्या अंगाला उभी असलेली काळी मोटारसायकल नवी नाही. ती गेनूनानांची आहे.

चिठ्ठी हातोहात वर गेली. बारी झाली, सेकंद सांगून झाले. मग त्यानं चिठ्ठी वाचली असावी. रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्यांच्या असल्या कितीतरी चिठ्ठ्या दिवसभर येतात. त्याला ती त्यातलीच वाटली.

"गेनूनाना," भोंगा सगळ्या माळावर घुमला, "गेनूनाना, आपण जिथं असाल तिथून लगेच या. आपली गाडी खालच्या अंगाला उभी आहे."

गर्दीतली पिकली डोकी तेवढी एकदम वळली. बाकीच्यांना काही कळलं नाही.

त्यानं तीनदा पुकारलं. मी चावी हातात धरून गाडीशेजारी उभा राहिलो.